आधी ग्लास द्या

भूमितीसरांच्या गळ्यात अडकवलेल्या बिल्ल्यावर नुसतं ‘शिक्षक’ एवढंच छापलेलं होतं. खाली नावासाठी ठिपक्यांची रेघ होती. तिथे नाव लिहून घ्या, असं दारावरच्या मुलीने सांगितलं होतं, पण सरांनी लिहिलं नाही. इथे त्यांना हाक मारणारं कोण होतं?

सकाळी दहापासून ते शैक्षणिक साधनांच्या प्रदर्शनाच्या त्या भल्यामोठ्या, थंडगार हॉलमध्ये फिरत होते. खडू न लागणारे फळे, बोलणारे पृथ्वीगोल, मुलांचे चेहरे बघून आपोआप हजेरी मांडणारा कॅमेरा. जो तो आपल्या टेबलापाशी बोलावत होता आणि हातात कागद कोंबत होता. एका तरुण विक्रेत्याने सरांना पडद्यावर बोटाने त्रिकोण काढायला लावला. सरांनी काढला. पडद्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत तिन्ही कोन मोजले, त्यांची बेरीज एकशे ऐंशी करून दाखवली आणि वर स्वतःच टाळ्या वाजवल्या.

“सर, मुलांना काही म्हणजे काही करावं लागत नाही,” तो म्हणाला.

“तेच म्हणतो मी,” सर म्हणाले आणि पुढे सरकले.

एकतीस वर्षं त्यांनी भूमिती शिकवली होती. लाकडी कंपास खांद्यावर बंदुकीसारखा टाकून वर्गात शिरणारा हा माणूस मुलांनी कधीच भूमितीसर करून टाकला होता, आणि आता किराणा दुकानदारापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना तेच म्हणत. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. प्रदर्शनाला शाळेतून एकाने तरी गेलंच पाहिजे असा वरून आदेश आला, तेव्हा तरुण मास्तरांनी पेपर तपासायचे आहेत म्हणून हात वर केले. मुख्याध्यापिकाबाईंनी मग सरांच्या हातात शाळेचं पत्र आणि एक छापील तक्ता ठेवला. तक्त्याच्या माथ्यावर लिहिलं होतं, ‘प्रदर्शनास उपस्थित राहिल्याने शिक्षकास झालेले फायदे, किमान पाच’.

दुपारचे दोन वाजले तरी एकही फायदा झाला नव्हता. गुडघे मात्र बोलायला लागले होते. बसायला कुठे जागा आहे का बघत बघत सर हॉलच्या अगदी टोकाच्या कोपऱ्यात आले. तिथे दहा-बारा खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्या रिकाम्या होत्या. काय चाललंय हे न बघताच ते शेवटच्या ओळीत टेकले.

समोर एक पन्नाशीची प्रशिक्षिका बोलत होती. न बोलणाऱ्या मुलांना तिने बरीच वर्षं शिकवलं होतं. तिच्या हातात पाटीएवढं एक यंत्र होतं. त्यावर बारा चौकोन, प्रत्येक चौकोनात चित्र. चित्रावर बोट ठेवलं की पाटी तो शब्द उच्चारायची. चित्रं आपली आपण घालायची, आवाजही आपलाच भरायचा. बोलकी पाटी, असं ती म्हणत होती.

“यात पहिला शब्द कुठला घालाल?” तिने विचारलं.

कोणी आई म्हणालं, कोणी पाणी.

“‘नको’ घाला,” ती म्हणाली. “आपण काय करतो, त्यांना मागायला शिकवतो, नाकारायला शिकवत नाही. ज्याला नको म्हणता येत नाही, त्याच्या होकारावर विश्वास कसा ठेवायचा?”

पुढच्या ओळीतले दोघे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी गुडघ्यावरची पिशवी खाली ठेवली आणि ते सावरून बसले.

कार्यक्रम संपून माणसं पांगल्यावर ते टेबलापाशी गेले. हे मोठ्या माणसांना चालतं का, असं त्यांनी विचारलं. कोणासाठी, असं तिने विचारल्यावर सरांनी एक परिचित आहेत म्हणून सांगितलं, तेही शिक्षकच. त्यांच्या बायकोला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही. ऐकलेलं सगळं समजतं. चौदा महिने झाले.

“वाचा-उपचारांना कुठे नेतात?”

“नाही. ते घरीच शिकवतात.”

“कसं?”

सरांनी सांगितलं. रोज ठरलेल्या वेळी, नेमाने. शिस्तीशिवाय काही येत नाही म्हणून तहान लागली की ग्लास समोर धरायचा आणि ‘पा’ म्हणायला लावायचं. निदान ओठ तरी तसे झाले पाहिजेत. तोवर ग्लास द्यायचा नाही.

प्रशिक्षिकेने हातातलं पेन खाली ठेवलं.

“तुमच्या परिचितांना सांगा,” ती म्हणाली, “आधी ग्लास द्या.”

प्रदर्शनाला आलेल्या शिक्षकांना शाळेच्या पत्रावर पाटी पंधरा दिवस वापरायला मिळत होती. सरांनी खिशातून पत्र काढलं, सही केली आणि पाटी पिशवीत घालून ते बसस्टँडकडे निघाले. तो तक्ता त्यांना घरी पोचेपर्यंत आठवला नाही.

घरी शेजारच्या वहिनी बसल्या होत्या. सर शाळेत असताना त्याच येऊन बसायच्या. आज दोन घासांवर तिसरा घेतला नाही, असं त्यांनी दारातच सांगितलं. आत पलंगावर सरांची बायको उशीला टेकून बसली होती. तीस वर्षं तिने पहिलीचा वर्ग घेतला होता. ज्यांची लग्नं होऊन पोरंबाळं झाली, ते बाप्येही रस्त्यात भेटले की “पहिलीच्या बाई” म्हणून वाकायचे. तोंडाचा पट्टा सतत चालू ठेवणारी बाई. आता तिच्या तोंडून फक्त एक लांब ‘आं’ निघायचा, आणि तोही रडताना.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सर आणि वहिनी पाटी घेऊन बसले. बाईमाणसाचा आवाज असला तर बरं, असं प्रशिक्षिकेने सांगितलं होतं, म्हणून शब्द वहिनींनी भरले. पहिल्या चौकोनात नको, दुसऱ्यात हो. मग पाणी, चहा, भूक, दुखतंय, संडास, झोप, खिडकी. एका चौकोनात सरांचा फोटो, एकात वहिनींचा. बारावा चौकोन रिकामा राहिला.

“लेकीला नको का?” वहिनी म्हणाल्या.

“ती कुठे असते इथे.”

वहिनींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भिंतीवरच्या तसबिरीतल्या लेकीचा फोटो त्यांनी पाटीत घेतला आणि तोंड जवळ नेऊन ‘माझी लेक’ असं म्हटलं.

पाटी मांडीवर ठेवल्यावर सरांची बायको तिच्याकडे नुसती बघत राहिली. सरांनी एकेक चौकोन दाबून दाखवला. तिने डावा हात उचलला. पहिलीतलं पोर पेन्सिल धरताना करतं तसं बोट चौकोनावर नेलं, परत घेतलं, पुन्हा नेलं.

“पाणी,” पाटी म्हणाली.

सर लगबगीने उठले, ग्लास भरून आणला आणि तिच्यासमोर वाकले. त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “म्हण बघू. पा—”

“नको,” पाटी म्हणाली.

सरांनी ग्लास खाली ठेवला. त्यांना वाटलं, चुकून दाबलं गेलं असेल.

“पाणी,” पाटी म्हणाली. आणि लगेच, “नको.” मग पुन्हा, “पाणी.” तिचे डोळे ग्लासावर नव्हते, सरांच्या तोंडावर होते.

वहिनींना आधी उमगलं. त्यांनी सरांच्या समोरून ग्लास उचलला आणि तिच्या ओठांना लावला. ती घटाघटा प्यायली. तो संपल्यावर दुसरा मागितला, तोही संपवला. सर ओट्याशी पाठमोरे उभे राहून ऐकत होते. एवढी तहान तिला आजच लागली होती, असं कोणी म्हणू शकलं नसतं.

पुढच्या चार दिवसांत त्या घरात ‘नको’ हा शब्द जितका ऐकू आला तितका संसाराच्या चौतीस वर्षांत आला नसेल. चहा नको. डॉक्टरांनी साखर कमी करा सांगितल्यावर सरांनी ती पारच बंद केली होती. झोप नको. सर शाळेत जाण्याआधी तिला आडवी करून जायचे, म्हणजे पडायची भीती नाही. आणि खिडकी. पलंग त्यांनी मुद्दाम खिडकीशी लावला होता. समोर शाळेचं मैदान दिसायचं, पहिलीची पोरं तिथे कवायत करायची. तिचा वेळ छान जातो, असं सर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मंगळवारी सकाळी मैदानात पोरांचा गलका सुरू झाला आणि तिने बोट ठेवलं, “खिडकी.” सरांनी खिडकीचं दार आणखी सताड उघडलं. “नको,” पाटी म्हणाली. “नको. नको.” सरांनी खिडकी लावली. खोलीत अंधार झाला. तिने मान उशीवर टाकली आणि डोळे मिटले. चौदा महिने रोज सकाळी तिला काय बघायला लावत होतो, हे सरांना त्या अंधारात उभं असताना कळलं.

शाळेत मुख्याध्यापिकाबाई तक्ता मागत होत्या. सरांनी त्यात एकच ओळ लिहून दिली, ‘नको हा शब्द आधी शिकवावा हे समजले.’ बाईंनी तक्ता परत पाठवला. एकाने भागणार नाही, पाच लागतात, आणि ही भाषाही वर पाठवण्यासारखी नाही. मग सरांनी प्रदर्शनातले कागद काढले, त्यांवरच्या पाच चकचकीत ओळी सुवाच्य अक्षरात उतरवल्या आणि सही केली. बाईंना त्या आवडल्या. महिन्याच्या बैठकीत त्यांनी त्या वाचूनही दाखवल्या.

पण ते नंतर. त्याआधी गुरुवारी सर शाळेतून आले, हातपाय धुऊन पलंगापाशी बसले, आणि पाटी म्हणाली, “माझी लेक.”

लेक दुसऱ्या शहरात रुग्णालयात परिचारिका होती. कामात असते, रविवारी फोन करू, असं सरांनी सांगितलं.

“माझी लेक.”

“अगं, ती आली की तुला त्रास होतो. रडतेस तू.”

“माझी लेक. माझी लेक.”

सरांनी पाण्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मग ते बोलले ते स्वतःशीच बोलल्यासारखं. “तूच नाही म्हणाली होतीस. दवाखान्यात. ती म्हणत होती, माझ्याकडे चल. तू मान हलवलीस.”

तिने त्यांच्याकडे कितीतरी वेळ पाहिलं. मग बोट दुसऱ्या चौकोनावर नेलं.

“हो,” पाटी म्हणाली.

“म्हणजे, जायचं होतं तुला?”

“हो.”

सरांचा जन्म सिद्धता मांडण्यात गेला होता. एका बाजूने खरं ठरलं म्हणून ते कधी थांबले नव्हते. त्यांनी उलट बाजूने विचारलं. “इथेच राहायचं होतं ना?”

“नको.”

त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी दोघांसमोर, सरांसमोर आणि लेकीसमोर, सांगितलं होतं की काही आठवडे यांच्या होकारनकाराचा भरवसा धरू नका. मान एका बाजूला हलेल, मनात दुसरं असेल. आणि बोलणं परत आणायचं तर पहिले सहा महिने महत्त्वाचे. लेकीने तिथेच विचारलं, आई, माझ्याकडे येतेस? तिकडे बोलायला शिकवणारं केंद्र आहे. बायकोची मान आडवी हलली. “नाही म्हणतेय,” सर म्हणाले. लेक म्हणाली की आत्ता तिची मान सगळ्यालाच तशी हलतेय. “तेहतीस वर्षं बघतोय मी तिला, मला कळतं,” असं म्हणून सरांनी विषय संपवला. संध्याकाळी लेक निघून गेली. ती दाराबाहेर पडली तेव्हा बायकोने डाव्या हाताने सरांची बाही धरली होती, घट्ट, आणि तिची नजर दाराकडे होती. सरांनी एकेक करून तिची बोटं सोडवली, चादर सारखी केली आणि ‘झोप आता’ असं म्हटलं.

त्यांना तेव्हाच कळलं होतं. कळलं नव्हतं असं त्यांनी पुढे रोज स्वतःला शिकवलं, आणि ते चांगले शिक्षक होते. इतक्या वर्षांत घरात काडेपेटी कुठे असते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. शाळेतून यायचं आणि कुलूप आपणच उघडायचं, या एका विचाराने त्या संध्याकाळी ते भ्याले होते. बाकी सगळं, ती शिस्त, तो ‘पा’, त्यावर चढवलेलं होतं. नंतर लेक दोनदा आली. आई तिच्या गळ्यात पडून रडली, आणि तू आलीस की तिला त्रास होतो असं सरांनी तिला निघताना दोन्ही वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा ती आली नाही.

सरांनी लेकीला फोन लावला. काय झालं ते सांगितलं. काही लपवलं नाही, बाहीचंसुद्धा. फोन तुटला की काय म्हणून त्यांनी दोनदा हाक मारली.

“ऐकतेय मी,” लेक म्हणाली. “शनिवारी येते. तिचे कपडे भरून ठेवा.”

शनिवारी ती गाडी घेऊन आली. ती चिडेल, ओरडेल, चार शब्द सुनावेल, याची सरांनी तयारी करून ठेवली होती. तिने तसलं काही केलं नाही. आईला जवळ घेतलं, केस विंचरले, औषधांची यादी मागून घेतली. यादी वाचत असताना मान वर न करता ती म्हणाली, “बाबा, मला वाटायचं तिलाच मी नकोय. वर्षभर मला वाटत होतं.”

सरांनी कपड्यांची पिशवी उचलून दारापाशी नेऊन ठेवली.

पाटी परत द्यायला आठवडा उरला होता. सरांनी प्रशिक्षिकेला फोन करून सांगितलं की ते परिचित वगैरे कोणी नाहीत, मीच तो. पाटी बायकोबरोबर गेली तर चालेल का? तिने जराही आश्चर्य दाखवलं नाही. “असू दे त्यांच्याकडेच, शाळेला मी कळवते,” ती म्हणाली. मग थांबून तिने विचारलं, “ग्लास देता ना आता?” सर हो म्हणाले.

खाली लेक आणि वहिनींनी मिळून तिला गाडीत बसवलं. पाटी मांडीवर होती. सर काचेशी वाकले.

“मी येऊ का? भेटायला?”

ती पाटीकडे बघत राहिली. बोट पहिल्या चौकोनावर गेलं नाही, दुसऱ्यावरही गेलं नाही. गाडी सुरू झाली तरी ते हवेतच होतं. तिला काय म्हणायचं असेल हे सरांना सांगता आलं असतं, पूर्वी ते असंच सांगायचे. आज त्यांनी सांगितलं नाही. लेक म्हणाली, “रविवारी सकाळी तिला केंद्रावर नेत जाईन. तुम्हाला वाटलं तर तिथे या.”

महिनाभराने सर गेले. पहाटेची बस धरली, वाटेत काही खाल्लं नाही. केंद्र म्हणजे एका जुन्या इमारतीतला लांब बोळ होता, एका बाजूला बंद दारं, दुसऱ्या बाजूला बाकं. बाकांवर माणसं मांडीवर फाइली घेऊन बसली होती. लेक भेटली. तिथल्या तज्ज्ञांनी काय सांगितलं ते तिने बारक्या आवाजात सांगितलं. दहा शब्द येतील, फार तर पंधरा. वाक्यांची आशा धरू नका, उशीर झाला. एवढं सांगून ती आईला आणायला दारापाशी जाऊन उभी राहिली.

दारामागून आवाज येत होता. कोणीतरी म्हणायचं, आणि मग त्यामागून एक खरखरीत, अडखळणारा आवाज तेच म्हणायचा प्रयत्न करायचा. ब. ब. बा. तोच तो आवाज, तीस-चाळीस वेळा. आतलं माणूस घाई करत नव्हतं. चौदा महिने ज्यातून रडण्यावाचून काही निघालं नव्हतं, तो आवाज सर बाकावर बसून ऐकत होते.

दार उघडलं. ती काठीवर चालत बाहेर आली. लेकीने तिचे केस बारीक कापले होते. मान लांब आणि ताठ दिसत होती. एक पाऊल, मग काठी, मग ओढत आणलेलं दुसरं पाऊल. लेक बाजूने चालत होती, धरत नव्हती. तिने सरांना बघितलं असावं. ती थांबली नाही.

सर उठून उभे राहिले. बाई वर्गात आल्या की पहिलीतली पोरं राहतात तसे, हात सरळ खाली सोडून. ती समोरून गेली, काठीचा आवाज बोळाच्या टोकापर्यंत गेला आणि वळणावर दिसेनासा झाला.

“बसा की काका,” शेजारचा माणूस फाइल सरकवून जागा करत म्हणाला.

सर उभेच राहिले.